केस पेपरवरची तीन अक्षरं

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, पण दादाच्या मनगटाच्या चुकलेल्या उपचारांची केस चालू होती तोवर वकीलबाईंनी सांगितलं होतं की कुठेच काही लिहू नका. आता जिल्हा ग्राहक आयोगाचा निकाल लागून वर्ष होत आलं, अपील चालू आहे, पण नावं न घेता लिहायला त्यांची हरकत नाही म्हणून आज बसलेय. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही, दादाचीच तशी अट आहे. आमच्या आबांचा खुबा मोडला होता तेव्हा ऑपरेशन याच डॉक्टरांनी केलं होतं आणि आबा त्यानंतर नऊ वर्षं रोज सकाळी स्वतःच्या पायाने दूध आणायला जात होते, ते दादा विसरलेला नाही आणि मीही नाही.

तर झालं असं की २०२१ च्या जुलैत सांगलीत पूर आला तो आठवत असेल सगळ्यांना. आमचं घर वर आहे, आमच्याकडे पाणी आलं नाही, पण दादाच्या मित्राचं घर नदीकडेला, तिथे पाणी ओसरल्यावर घरभर घोट्याएवढा गाळ. जुलै संपता संपता दादा आणि चार-पाच जण फावडी घेऊन गाळ काढायला गेले आणि घमेलं घेऊन उतरताना दादाचा पायरीवरून पाय सटकला, पडताना माणूस जसा हात टेकतो तसा त्याने उजवा हात टेकला, पंजा मागे वळलेला आणि सगळा भार मनगटावर. घरी आला तर म्हणे काही नाही, लचकलंय. वहिनीने हळद-मीठ गरम करून लावलं. रात्री ठणका लागला म्हणून दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेला.

एक्स-रे काढला. मनगटाचा, समोरून एक आणि बाजूने एक. डॉक्टर म्हणाले, "फ्रॅक्चर नाही हो, मुका मार आहे, क्रेप बँडेज बांधा, गोळ्या घ्या, आठ दिवसांनी दाखवा." आम्हाला हायसं वाटलं.

आठ दिवसांनी गेला, सूज उतरली होती, दुखणं होतं. डॉक्टरांनी कागदावर तीन अक्षरं लिहिली, सीएसटी. दादाला वाटलं गोळीचं नाव असेल. मेडिकलवाल्याने सांगितलं की याचा अर्थ आधीचीच ट्रीटमेंट चालू ठेवा. दादाने निघताना विचारलं होतं, साहेब कामावर जाऊ का, तर म्हणाले हलकं काम करायला हरकत नाही. हे वाक्य तोंडी होतं, आणि पुढे ते आम्हाला केवढ्याला पडलं ते सांगते.

दादाचं काम काय हे आधी सांगायला पाहिजे. कुपवाड एमआयडीसीत त्याची छोटी शेड आहे, दोन लेथ मशीन, म्हणजे धातू फिरवून कातायची यंत्रं, ती चालवणारा टर्नर तो स्वतःच, मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क करतो, शाफ्ट, बुश, पिन असलं. लेथवर ज्यांनी काम बघितलंय त्यांना कळेल की जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, धरला की चकची चावी घालून आवळावी लागते आणि ती जोर लावूनच आवळावी लागते, जॉब सैल राहिला तर उडून अंगावर येतो. हे दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. शिवाय हँडव्हील फिरवायचं, टूलपोस्ट आवळायचा, सगळं मनगटावर. हलकं काम असं लेथवर नसतंच. पण हातावर पोट, लॉकडाऊनमध्ये आधीच सहा महिने शेड बंद, पंधराव्या दिवशी दादा चालू झाला.

ऑगस्टच्या शेवटी तिसऱ्यांदा गेला. या वेळी मी बरोबर होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. दादा म्हणाला, "साहेब, चावी आवळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, डोळ्यापुढे अंधारी येते." डॉक्टरांनी मनगट वरखाली करून बघितलं, "लिगामेंट आहे, याला वेळ लागतो, शेक द्या," म्हणाले आणि कागदावर परत तीच तीन अक्षरं. बाहेर तीस-पस्तीस पेशंट बसले होते. आम्ही दोन मिनिटांत बाहेर.

मग सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दादा डाव्या हाताने चावी आवळायला शिकला. कोणी सांगितलं म्हणून एका मालीशवाल्याकडे जाऊन आला, मला न सांगता. दिवाळीत भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी त्याच्या हातात फराळाचं ताट दिलं तर त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि तरी उजवा हात थरथरला, तेव्हा मी म्हटलं आता बास, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरला दाखवलं. त्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधी दादाला अंगठा ताणून धरायला सांगितलं, जसं आपण रिक्षाला हात करतो तसा, आणि अंगठ्याच्या बुंध्याशी दोन शिरांच्या मधे जो खड्डा पडतो त्यात बोट ठेवून दाबलं. दादा खुर्चीतून अर्धा उठला.

तो खड्डा मला लहानपणापासून माहीत आहे. आमचे आजोबा तपकीर तिथेच ठेवून ओढायचे, चिमूटभर तपकीर बरोब्बर त्या खळग्यात बसायची. डॉक्टरांनी सांगितलं की इंग्रजी वैद्यकातही त्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. आणि त्या खळग्याच्या तळाशी मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी एक हाड असतं, स्कॅफॉइड, होडीच्या आकाराचं. माणूस पडताना हात टेकतो तेव्हा या आठांतलं सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच.

आता हे जरा नीट लिहिते, कारण आमची सगळी केस या एका हाडावर उभी आहे. या हाडाची चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून पद्धत अशी आहे की पेशंट हातावर पडलेला आहे आणि त्या खळग्यात दाबलं की दुखतंय, तर एक्स-रे कोरा असला तरी फ्रॅक्चर आहे असं धरून अंगठ्यासकट मनगट प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवायचं आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढायचा, तोवर चिरेच्या कडेचं हाड थोडं झिजून चीर दिसायला लागते. एक्स-रेही नुसता समोरून-बाजूने नाही, मनगट करंगळीकडे वळवून मुद्दाम या हाडाचा वेगळा व्ह्यू काढतात. एवढं करून शंका राहिली तर एमआरआय. हे कुठल्या परदेशातलं नवं तंत्र नाही, ऑर्थोपेडिक शिकणारा प्रत्येक मुलगा हे पहिल्या वर्षाला शिकतो असं कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले.

आणि घाई का, तर या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि मागे मनगटाकडे जातं. मधे, या हाडाच्याच कंबरेत, ते मोडलं की मागचा तुकडा रक्ताविना पडतो. वेळेवर प्लास्टर घातलं आणि तुकडे जागचे हललेले नसले तर बहुतेक वेळा हाड दोन-तीन महिन्यांत जुळतं. नाही घातलं आणि माणूस त्याच हाताने रोज चकची चावी आवळत राहिला तर जुळत नाही, कडा घासून गुळगुळीत होतात, मागचा तुकडा मरायला लागतो आणि पुढे काही वर्षांनी सगळ्या मनगटाला संधिवात धरतो.

दादाचं नेमकं हेच झालं होतं. जानेवारीत ऑपरेशन झालं, कमरेच्या हाडातून तुकडा काढून तिथे भरला आणि बारीक स्क्रू घातला. ऑपरेशन, तपासण्या, गोळ्या, फिजिओथेरपी धरून एक लाख एकतीस हजार. पाच महिने शेडवर पगारी माणूस. हाड जुळलं एकदाचं, पण मनगट मागे वळतं ते निम्मंच आणि मुठीचा जोर गेला तो गेला.

केस करायची हे दादाच्या मनात नव्हतं, माझ्या होतं. तो म्हणाला, "अगं सुमे, डॉक्टरच्या नादाला लागायचं नसतं, उद्या आईला न्यावं लागलं तर?" या एका वाक्यामुळे किती घरं गप्प बसत असतील. मी सीएच्या ऑफिसात कामाला आहे, कागद लावून ठेवायची सवय आहे, म्हणून मी आधी फक्त कागद गोळा करते म्हटलं, केसचं नंतर बघू.

कागदांसाठी खेटे घालावे लागले. काउंटरवर तोंडी मागितले तर "जुने पेपर सापडत नाहीत, सोमवारी या," सोमवारी गेलं की "साहेब नाहीत." मग वकीलबाईंनी सांगितलं की लेखी अर्ज द्या आणि त्यात २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांचा उल्लेख करा. त्या नियमांत स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, आणि डॉक्टरने दाखल पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचं. आपल्या मुंबई हायकोर्टाने तर त्याच्याही आधी, १९९६ मध्येच सांगितलंय की केस पेपर मागितल्यावर नाकारता येत नाहीत. दादा दाखल झाला नव्हता, ओपीडीचा पेशंट, त्यामुळे त्यांच्याकडे फार काही नव्हतंच, पण रजिस्टर पोस्टाने अर्ज गेल्यावर जे होतं ते आलं. एक्स-रेची सीडी आणि ओपीडीच्या कागदाच्या झेरॉक्स. आमच्याकडची मूळ फाइल वहिनीने जपून ठेवली होती, गॅसच्या पुस्तकाबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत. दोन्हीकडचे कागद तंतोतंत जुळले. पहिल्या कागदावर हातावर पडला, मनगट दुखतं, एक्स-रेत काही नाही, क्रेप बँडेज. दुसऱ्यावर सीएसटी. तिसऱ्यावर सीएसटी. कुठे दाबून बघितलं, कुठे दुखलं, परत एक्स-रे काढा, कुठलाच शब्द नाही.

मग तज्ज्ञाचं मत. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी हात जोडले, म्हणाले डिस्चार्ज कार्डवर मी खरं ते लिहिलंय, त्याउपर मला ओढू नका. मला राग आला होता, पण त्या कार्डवर "स्कॅफॉइडचं जुनं फ्रॅक्चर, न जुळलेलं" हे स्वच्छ लिहिलेलं होतं आणि शेवटी तेही कामाला आलं. आणखी दोघांनी नाही म्हटलं. चौथे एक निवृत्त प्रोफेसर, सरकारी मेडिकल कॉलेजात आयुष्य गेलेलं, ते तयार झाले पण म्हणाले आधी मला सगळं बघू दे, तुमच्या बाजूने लिहीन असं गृहीत धरू नका. त्यांनी सीडी लावून पहिला एक्स-रे पंधरा मिनिटं बघितला, मोठा करून, उजेड कमीजास्त करून, आणि म्हणाले, "मलाही यात फ्रॅक्चर दिसत नाही."

मला वाटलं संपलं सगळं.

ते म्हणाले, "थांबा, हे मी लिहिणारच आहे. एक्स-रे वाचायला ते चुकले नाहीत. चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदावर आहे." आणि त्यांनी तसंच लिहिलं. की पहिल्या दिवशी चीर न दिसणं ही डॉक्टरची चूक नव्हे, पण हातावर पडलेला माणूस महिन्याने अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय म्हणून परत येतो तेव्हा तिथे दाबून न बघणं आणि परत एक्स-रे न काढणं हे सर्वसाधारण डॉक्टरकडून अपेक्षित असलेल्या काळजीत बसत नाही. डिसेंबरच्या एक्स-रेत कडा गोल आणि पांढऱ्या झालेल्या, म्हणजे फ्रॅक्चर काही महिन्यांचं जुनं, हेही लिहिलं, कारण समोरचे म्हणू शकले असते की हा नंतर परत कुठेतरी पडला असेल. त्यांनी खरंच तसं म्हटलं.

मला स्वतःला इतके दिवस वाटत होतं की निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच. तसं नाहीये. सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय की नुसती निर्णयातली चूक किंवा अंदाज चुकणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, त्या विद्येचा साधारण माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का हे बघायचं, सगळ्यात हुशार डॉक्टरने काय केलं असतं हे नाही. हे वाचलं तेव्हा मला पटलं, आजही पटतं. डॉक्टरही माणूसच आहे. पण साधारण काळजी म्हणजे दुखतंय म्हणणाऱ्याला दुखतंय तिथे बोट लावून बघणं, यात काय अवघड आहे हे मला अजून कळलेलं नाही.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असंही नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हैदराबादच्या एका केसमध्ये, जिथे मलेरियाच्या पेशंटला टायफॉइडची औषधं देत राहिले होते, सांगितलं की चूक उघड दिसत असेल तर तज्ज्ञ नसला तरी चालतं. आमच्या केसमध्ये मात्र एक्स-रेच कोरा, तज्ज्ञ नसता तर आम्ही पहिल्याच पायरीला पडलो असतो.

ग्राहक आयोगात जायचं ठरलं. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता केसपासून पक्कं आहे, फक्त जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार असतात ती सेवा यात येत नाही, तिथे दिवाणी कोर्टात जावं लागतं. दोन वर्षांची मुदत असते आणि ती कधीपासून धरायची यावरून खूप वाद होतात. एका अनुभवी नर्सचीच केस वकीलबाईंनी सांगितली, ऑपरेशननंतर पोटात कापड राहिलं होतं, नऊ वर्षांनी सापडलं, पण दुखत तर पहिल्यापासून होतं मग एवढी वर्षं तपासणी का केली नाही असं म्हणून तिची तक्रार मुदतीबाहेर ठरली. दुखत असेल तर चालढकल करू नका एवढ्यासाठी सांगतेय. आम्ही सप्टेंबर २०२२ ला तक्रार दाखल केली. २०१९ च्या नव्या कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि कुठल्या आयोगात जायचं हे आपण भरपाई किती मागतो यावर नाही तर आपण सेवेसाठी किती पैसे दिले यावर ठरतं. आम्ही त्या हॉस्पिटलला सगळे मिळून दोन हजार सहाशे रुपये दिले होते आणि मागत होतो अठरा लाख, तरी जिल्हा आयोगच, आणि पाच लाखांच्या आत दिलेले असले तर फीसुद्धा नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. आम्हाला अडीच वर्षं लागली.

आयोगात डॉक्टरला उभं करून उलटतपासणी होईल असं मला वाटत होतं, पण तिथे बहुतेक सगळं लेखी चालतं, शपथपत्रं आणि प्रश्नावली. आमच्या बाईंनी अठरा प्रश्न पाठवले. त्यातला सातवा, पेशंटच्या अंगठ्याच्या बुंध्याशी दाबून तपासणी केली होती का. उत्तर, होय, ती नेहमीची तपासणी असल्याने केली होती. आठवा, तशी नोंद कुठे आहे. उत्तर, ओपीडीत गर्दी असल्याने प्रत्येक तपासणीची नोंद करणे शक्य नसते. नववा, दाबल्यावर दुखलं होतं का. उत्तर, आठवत नाही.

हे तीन प्रश्न मी किती वेळा वाचले असतील. त्या दिवशी खोलीत मी होते. दाबलं नव्हतं.

पण हाच न्याय आम्हालाही लागला. त्यांचं म्हणणं होतं की पेशंटला पूर्ण विश्रांती सांगितली होती आणि तो पंधराव्या दिवशी लेथवर उभा राहिला. दादा म्हणाला हलकं काम चालेल म्हणाले होते. लिहिलेलं कुठे आहे? कुठेच नाही. पहिल्या कागदावर मात्र "विश्रांती" हा शब्द होता. आयोगाने म्हटलं की जड काम लवकर सुरू केल्याने आणि मधले तीन महिने कुठेच न दाखवल्याने नुकसानीत तक्रारदाराचाही वाटा आहे, वीस टक्के कापले. वहिनी रडली. मला वाईट वाटलं पण आयोगावर राग नाही धरता आला, त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावरून त्यांनी ठरवलं.

भरपाईचा हिशोब कसा करतात याबद्दल लोकांच्या फार चुकीच्या कल्पना आहेत म्हणून थोडं सांगते. बातम्यांत येतं ते कोलकात्याचं प्रकरण, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने जवळपास सहा कोटी दिले आणि व्याज वेगळं, मग सगळ्यांना वाटतं की केस केली की कोटी. तसं नसतं, जे नुकसान कागदावर दाखवाल तेवढ्याच्या आसपास मिळतं. सिव्हिल हॉस्पिटलमधून दादाला अपंगत्वाचा दाखला मिळाला तो चौदा टक्क्यांचा. समोरच्या वकिलांचं म्हणणं, चौदा टक्के म्हणजे कमाईतही चौदा टक्केच घट. तिथे आमच्या बाईंनी अपघाताच्या केसमधला २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, त्यात कोर्टाने म्हटलंय की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात, डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकेल पण ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. टर्नरचं उजवं मनगट हे त्याच रांगेतलं. आयोगाने हे मान्य केलं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. दादा महिन्याला किती मिळवत होता हे सिद्ध कसं करायचं? जॉबवर्कचे निम्मे पैसे रोख यायचे, मी शंभर वेळा ओरडले होते की बिलं फाड, चलन ठेव, बँकेत भर. रिटर्न भरलेले ते तीन-साडेतीन लाख वर्षाचे, खरी कमाई त्याहून बरीच जास्त. दुसऱ्यांचे हिशोब मी दिवसभर नीट लावते आणि माझ्याच भावाचा हिशोब आयोगापुढे अर्धा निघाला, हे मला आजही बोचतं. शेवटी त्यांनी कमाईचं आतापर्यंतचं आणि पुढचं मिळून तीन लाख धरले. औषधपाण्याचे एक लाख एकतीस हजार पूर्ण दिले कारण एकूणएक बिल होतं. त्रासाबद्दल एक लाख. सगळे मिळून पाच लाख एकतीस हजार, त्यातून वीस टक्के वजा, चार लाख चोवीस हजार आठशे, तक्रार केल्या तारखेपासून सात टक्के व्याज आणि खर्चाचे वीस हजार. डॉक्टरांचा व्यवसायाचा विमा होता, ती विमा कंपनीही केसमध्ये होती, पैसे त्यांनी भरायचे असा आदेश.

निकालपत्रातलं एक वाक्य मी लिहून ठेवलंय, माझ्या शब्दांत सांगते. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना दोष देता येत नाही, परंतु वेदना कायम असल्याचं सांगूनही कारण न शोधता तेच उपचार चालू ठेवणं ही सेवेतली त्रुटी आहे. म्हणजे त्या तीन अक्षरांवरच निकाल लागला.

केस चालू असताना वकीलबाईंनी एकदा जुनी गोष्ट सांगितली. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला तिथून गाडीने पुण्यात आणलं, तिथे भूल न देता पाय ओढून हाड बसवायचा प्रयत्न झाला आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला, तीन हजार रुपये भरपाई मिळाली, आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन निकाल कायम व्हायला १९६८ उजाडलं. डॉक्टरचं पेशंटप्रती कर्तव्य काय हे आज ज्या निकालांत सांगतात त्यांचं मूळ या निकालात आहे म्हणे. मी त्या वडिलांचा विचार करत राहते. स्वतः डॉक्टर असून पंधरा वर्षं. तीन हजारांसाठी कोणी पंधरा वर्षं घालवत नाही.

पंचेचाळीस दिवसांच्या आत समोरच्यांनी राज्य आयोगात अपील केलं. अपील करताना आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते, ती भरली आहे, पण ती आमच्या हातात आलेली नाही. दादा आता शेडवर बसतो, मापं घेतो, व्हर्नियर डाव्या हातात धरतो. मशीनवर दोन पोरं आहेत, त्यातल्या एकाला तो चक आवळायला शिकवत होता तेव्हा मी तिथे होते. चावीवर पोराचा हात, त्यावर दादाचा हात, आणि दादा म्हणत होता अजून, अजून, अजून थोडं, आता बास. जोर पोराचाच होता.

गेल्या महिन्यात विमा कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला. साडेतीन लाख एकरकमी घ्या, अपील मिटवू. वहिनीचं म्हणणं घेऊन टाका. मलाही क्षणभर तसंच वाटलं, राज्य आयोगात किती वर्षं जातील सांगता येत नाही. दादा म्हणाला घेतो, पण तडजोडीच्या कागदावर हॉस्पिटलने एक वाक्य लिहून द्यायचं, की हातावर पडलेल्या पेशंटचं मनगट दुखत राहिलं तर इथून पुढे बाराव्या दिवशी परत बोलावून परत एक्स-रे काढू. त्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं की असं वाक्य आमच्या नमुन्यात बसत नाही, तोंडी मात्र डॉक्टरसाहेबांनी मान्य केलंय, तसं आता ते करतातही.

दादा म्हणाला, "तोंडी नको." अजून सही केलेली नाही.